परवाना सरकारचा, गाव कोणाचे?

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगाव लागते. तेथून आत वळले, की पाच-सहा कि. मी. अंतरावर शनिशिंगणापूर आहे. घरांना चौकट आहे, पण दार नाही. कडी नाही, कोयंडा नाही आणि कुलूपही नाही, अशी या गावाची ख्याती सर्वदूर पोहोचलेली आहे. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा तीही कुलपाविना उघडली. त्या शाखेचे दार काचेचे असून त्यामागे विजेच्या साहाय्याने चालणारी योजना आहे, हा तपशील सोडला, तरी गावाच्या श्रद्धेपुढे बँकेलाही नमते घ्यावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे २०१५ साली गावात पोलीस ठाणे आले. यात्रा वाढली, वाहने वाढली, लॉज व उपाहारगृहे वाढली. त्यांच्यामागोमाग शासनाचा दंडही आला. हे क्रमप्राप्तच होते.

या गावाची आठवण आज निराळ्या कारणाने होते. आपल्या उंबरठ्यावर काय असावे व काय नसावे, हे एखाद्या गावाने स्वतः ठरविले आणि पिढ्यान्पिढ्या पाळले, याचे हे ठळक उदाहरण आहे. परंतु याच गावाने किंवा नेवासे तालुक्यातील दुसऱ्या कोणत्याही गावाने आपल्या वेशीच्या आत दारूचे दुकान असावे की नसावे हे ठरवावयाचे म्हटले, तर त्याला तो अधिकार कितपत आहे? घराचे दार काढून टाकण्यास कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही. दारूच्या दुकानाचे दार बंद करण्यास मात्र कोणकोणत्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे ज्या गावांतील स्त्रियांनी अनुभवले आहे, त्यांनाच ठाऊक! प्रस्तुत लेखाचा रोख एका गावाच्या कारभारावर नसून या व्यापक प्रश्नावर आहे.

दारूबंदीच्या कायद्याखाली दारूविक्री

महाराष्ट्रातील मद्यविक्रीचे नियमन ज्या कायद्याने होते, त्याचे नावच दारूबंदी कायदा असे आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने ब्रिटिश सरकारने दारूकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले. स्वातंत्र्यानंतर ती दृष्टी टाकून देण्याचा निश्चय झाला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम अस्तित्वात आला. १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या. पण त्याचा गाभा ग्राह्य मानला. मोरारजीभाईंचा आग्रह आणि राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्व यांचे पाठबळ या धोरणामागे होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. कायदा कडक झाला, तशा हातभट्ट्या वाढल्या. साठीच्या दशकात बंदी सैल होऊ लागली, आणि १९७३ च्या सुमारास देशी दारूची परवानाधारक दुकाने उघडली. हातभट्टीच्या विषापेक्षा सरकारी देखरेखीखालची दारू बरी, असा युक्तिवाद त्यावेळी करण्यात आला, आणि तो सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही. तथापि कायद्याचे नाव तेच राहिले. त्यामुळे मद्यपान हा अपवाद व परवाना ही सवलत, अशी या कायद्याची भाषा आजही आहे. प्रकृतिस्वास्थ्याच्या रक्षणासाठी म्हणून पिणाऱ्याला परवाना मिळतो, आणि ज्या खोलीत बसून तो पितो तिला लोक ‘परमिट रूम’ म्हणतात. बंदीच्या नावाने विक्रीचा एवढा विस्तृत संसार अन्यत्र क्वचितच आढळेल.

याच काळात सरकारने आणखी एक धोरण स्वीकारले. देशी दारूची आणि विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीची नवी दुकाने मंजूर करावयाची नाहीत, असे ठरले. संख्या गोठविल्यामुळे प्रसार थांबेल, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात परवाना दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ वस्तूला बाजारभाव येतो, तसा तो परवान्यालाही आला. नवे दुकान निघत नसले, तरी जुने दुकान एका गावातून दुसऱ्या गावात नेता येते. कागदोपत्री त्याला ‘स्थलांतर’ असा निरुपद्रवी शब्द आहे. ज्या गावात ते दुकान येते, त्या गावाच्या दृष्टीने मात्र ते नवेच असते.

नगर जिल्ह्याचा दुहेरी वारसा

या प्रश्नाची चर्चा नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उचित ठरेल. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने घातला गेला. नेवासे तालुक्यातच सोनई आणि भेंडे येथे कारखाने आहेत. ऊस आला की साखर आली. साखर आली की मळी आली. आणि मळीपासून मद्यार्क होतो, ज्यापासून देशी दारू तयार होते. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा म्हणून मळीचा उपयोग व्हावा, हे योग्यच आहे. परंतु ज्या फडात ऊस तुटतो, त्याच फडातील मजुराच्या हाती तो दारूच्या रूपाने परत येतो, आणि त्याची हप्त्याची उचल घेऊन जातो, हेही या अर्थव्यवस्थेचे एक अंग आहे. त्याचा उल्लेख अहवालांत सहसा होत नाही.

दुसरा वारसा राळेगणसिद्धीचा आहे. १९७५ नंतर पारनेर तालुक्यातील या दुष्काळी गावात अण्णा हजारे यांनी कामाला आरंभ केला, तेव्हा पाणी अडविण्याच्या आधी गावातील दारू अडविण्याचा प्रश्न उभा राहिला. दारूत बुडालेला माणूस श्रमदानाला येत नाही, हे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते. राळेगणने भट्ट्या बंद केल्या आणि पुढे पाणलोटाच्या कामात नाव मिळविले. पिणाऱ्याला खांबाला बांधण्यापर्यंत मजल गेली, ती मात्र समर्थनीय नव्हती. गावाचा निर्णय आणि गावाची दंडेली यांतील रेषा पुसट असते, ती पुसली जाता कामा नये, हा धडाही राळेगणकडूनच घ्यावयास हवा. त्याच तालुक्यात निघोजच्या स्त्रियांनीही दारूबंदीचा लढा दिला. आणि तो भाषणांनी नव्हे, तर मतपत्रिकेच्या मार्गाने दिला.

आणि याच जिल्ह्यात २०१७ च्या फेब्रुवारीत पांगरमल घडले. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुकीच्या धामधुमीत दिल्या गेलेल्या मेजवानीत बनावट मद्य प्यायल्याने अनेक गावकरी प्राणास मुकले. त्या मद्याचे धागेदोरे जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत गेल्याचे पोलीस तपासात पुढे आले. रोग्याला जीवदान देण्यासाठी बांधलेल्या आवारातून विष बाहेर पडावे आणि लोकशाहीच्या उत्सवात ते वाटले जावे, यापेक्षा विदारक विसंगती ती कोणती? त्याआधी दोनच वर्षे, २०१५ च्या जूनमध्ये, मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले होते. तेव्हा बंदी असो वा परवाना असो, अंमलबजावणीचा प्रश्न सुटत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

आडवी बाटली

गावाला आपले मत नोंदविण्याचा मार्ग शासनाने ठेवलेला आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तेवढ्याच मतदारांनी, लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. दुकान चालू राहावे असे वाटणाऱ्याने उभ्या बाटलीवर व बंद व्हावे असे वाटणाऱ्याने आडव्या बाटलीवर शिक्का मारावयाचा. अक्षरशत्रू स्त्रीलाही कळावी अशी ही योजना आहे, आणि तिच्यामुळे ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. ज्या स्त्रीला घरात तोंड उघडण्याची सोय नाही, तिला पडद्याआड जाऊन नवऱ्याच्या गुत्त्याविरुद्ध शिक्का मारण्याची सोय या आदेशाने दिली. ही सामान्य गोष्ट नव्हे.

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्याचा हक्क स्त्रियांना २०१६ च्या गुढीपाडव्याला मिळाला. त्यासाठी आंदोलन व्हावे लागले, उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि देशभर चर्चा झाली. त्यामानाने आडव्या बाटलीचा हक्क स्त्रियांना आठ वर्षे आधी, फारसा गाजावाजा न होता मिळाला होता. परंतु मिळालेल्या हक्काच्या तपशिलातच मेख असते.

ती मेख अशी. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते पुरेशी होत नाहीत. यादीत नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, एखाद्या गावाच्या यादीत एक हजार स्त्रियांची नावे आहेत. त्यांपैकी सहाशे मतदानाला आल्या. चारशे ऐंशी जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि एकशे वीस जणींनी उभ्या. म्हणजे दर पाच स्त्रियांपैकी चौघींना दुकान नको आहे. तरीही ठराव फेटाळला जातो, कारण पाचशेचा आकडा ओलांडला गेला नाही. न आलेल्या चारशे जणींची गणना आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने झाली. त्यांत कोण असतात? लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, मुंबई-पुण्यास गेलेली कुटुंबे, यादीतून नाव न वगळलेल्या मृत म्हाताऱ्या. पाथर्डी-शेवगावकडील गावांत तर मतदान गळिताच्या हंगामात आले, तर निम्मे गाव कोयता घेऊन परमुलखी असते. मेलेल्या आणि परगावी गेलेल्या स्त्रियांचे मत दारूच्या दुकानदाराला देणारी ही कोणती अंकगणिताची रीत?

याच गावाचा सरपंच एका मताने निवडून येतो. याच मतदारसंघाचा आमदार झालेल्या मतदानाच्या एक-तृतीयांश मतांवरही विधानसभेत जाऊन बसू शकतो. राज्याचा कारभार ज्या बहुमताने चालतो, ते बहुमत एक दुकान बंद करण्यास अपुरे का ठरावे?

स्कॉटलंडचा दाखला

हा प्रश्न आपल्यापुढेच उभा राहिलेला नाही. स्कॉटलंडमध्ये १९१३ साली झालेल्या कायद्याने प्रत्येक वस्तीला मतदान घेऊन मद्यविक्री बंद करण्याचा हक्क दिला, आणि १९२० पासून अशी मतदाने होऊ लागली. तेथेही अल्पसंख्येने बहुसंख्येवर निर्णय लादू नये, याची काळजी घेतली गेली होती. त्यासाठी नियम असा केला, की झालेल्या मतांपैकी किमान ५५ टक्के मते बंदीच्या बाजूने असावीत, आणि ती मते यादीतील एकूण मतदारांच्या किमान ३५ टक्के असावीत. वर दिलेल्या उदाहरणाला हा नियम लावून पाहावा. झालेल्या मतांपैकी ८० टक्के आणि यादीच्या ४८ टक्के स्त्रियांनी बंदी मागितली आहे. स्कॉटलंडमध्ये ते दुकान बंद झाले असते. ग्लासगोजवळच्या किर्किंटिलॉक या गावाने अशी बंदी स्वीकारली, ती १९६० नंतरच्या दशकापर्यंत पाळली, आणि पुढे पुन्हा मतदान करून उठविली. स्वीकारणे आणि सोडणे, दोन्ही निर्णय गावाचेच होते.

दूर कशाला, आपल्याच जिल्ह्यात पाहावे. अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला मद्याच्या विक्रीस बंदी घालण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी गावाच्या ग्रामसभेला जो विश्वास कायद्याने दाखविला, तो मुळा-प्रवरेच्या काठच्या गावाला दाखविलेला नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी केली. त्यांत मद्यविक्री नाही. पिण्याच्या पाण्याचा विचार गावाने करावा, दारूचा विचार मात्र मंत्रालयाने करावा, अशी ही वाटणी आहे.

रस्त्यावरून गावात

निर्णय वरून आला, म्हणजे काय होते, याचे प्रत्यंतर २०१७ साली आले. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री असू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात दिला. अपघात टळावेत हा हेतू स्तुत्य होता. पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. परंतु हमरस्त्यावरून उठलेले दुकान जाणार कोठे? ते आत सरकले. वस्तीकडे, शाळेच्या वाटेकडे, देवळाच्या बाजूला. परमिट रूमसाठी धार्मिक व शैक्षणिक संस्थांपासून ७५ मीटरची मर्यादा नियमात आहे. पण मीटरपट्टीने मोजलेले पावित्र्य ७६ व्या मीटरला संपते. ज्या गावांनी कधी दुकान पाहिले नव्हते, तेथील स्त्रियांना ‘आमच्याकडे नको’ म्हणून रस्त्यावर उतरावे लागले. वाहनचालकाचे रक्षण करताना खेड्यातील स्त्रीचा विचार करावयाचे राहून गेले.

तीर्थक्षेत्रांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी सतरा धार्मिक नगरांतील दारूविक्री बंद केली. आपल्याकडेही अशी मागणी अधूनमधून होते. परंतु शिर्डी-शिंगणापूरसारखी यात्रेची साखळी असलेल्या भागात एका गावापुरती बंदी केल्याने काय साधणार? गावात नसलेले दुकान शेजारच्या शिवारात, फाट्यावर उभे राहते आणि तेथील ग्रामपंचायत निराळी असते. देवाच्या नावाने केलेली बंदी यात्रेकरूच्या डोळ्यांना दिलासा देते. पण मजुराच्या घरातील चूल तिच्यामुळे पेटेलच असे नाही. ज्या गावात देवस्थान नाही, तेथील स्त्रीचे दुःख कमी दर्जाचे असते काय?

महसुलाचा मोह

शासनाची अडचण उघड आहे. २०२५ च्या जूनमध्ये विदेशी मद्यावरील शुल्क वाढविण्याचा आणि महाराष्ट्रात तयार होणाऱ्या मद्याचा नवा प्रकार निर्माण करण्याचा निर्णय झाला, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा व्यक्त करण्यात आली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला होता. त्याला राळेगणपासून सर्वत्र विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. राज्याच्या तिजोरीवर कल्याणकारी योजनांचा भार आहे. त्या योजनांतून महिन्याला दीड हजार रुपये खात्यावर मिळणाऱ्या बहिणीच्या घरातून त्याहून अधिक रक्कम गुत्त्यावर जात असेल, तर हिशेब कोणाच्या वहीत कसा मांडावयाचा, हा प्रश्न अर्थखात्यानेच स्वतःला विचारावा.

दारूबंदीच्या विरोधकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत बंदी दीर्घकाळ आहे. पण चंद्रपूरमध्ये २०१५ साली आणलेली बंदी २०२१ साली उठवावी लागली. चोरटी विक्री वाढली, गुन्हे वाढले, असे कारण त्यावेळी देण्यात आले. प्रौढ माणसाने आपल्या पैशाने काय प्यावे, हे इतरांनी का ठरवावे, असाही प्रश्न विचारला जातो. हे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. किंबहुना म्हणूनच राज्यभर किंवा जिल्हाभर बंदी लादण्याची मागणी आम्ही येथे करीत नाही. मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने आलेली बंदी दुसऱ्या निर्णयाने जाते. तिला गावाची मुळे नसतात. दुकान असावे की नसावे हा प्रश्न त्या दुकानाच्या सावलीत राहणाऱ्यांनी सोडवावा, एवढेच म्हणणे आहे.

काय करावयास हवे

त्यासाठी क्रांतिकारक बदलाची गरज नाही. पहिली गोष्ट म्हणजे २००८ च्या आदेशातील मतमोजणीची रीत बदलावी. झालेल्या मतांचे स्पष्ट बहुमत आणि त्याला यादीच्या एक-तृतीयांशाची किमान अट, एवढे पुरेसे मानावे. मतदानापूर्वी यादी शुद्ध करावी आणि ते ऊसतोडीच्या हंगामात घेऊ नये.

दुसरी गोष्ट, परवान्याचे स्थलांतर ग्रामसभेच्या संमतीवाचून होऊ नये. परवान्यासाठी ना-हरकतीचा ठराव मागितला जातो. पण तो दहा-पंधरा जणांच्या बैठकीत, विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत कसा उरकला जातो, हे सर्व जाणतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. दारूच्या दुकानाचा विषय त्या सभेपुढे आल्याखेरीज ठराव ग्राह्य धरू नये. दुकान शिवेलगत येत असेल, तर शेजारच्या गावाचेही मत घ्यावे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गावाने मतदानाने दुकान बंद केल्यावर पुढची जबाबदारी राज्य उत्पादन शुल्क खात्याने आणि पोलिसांनी घ्यावी. परवान्याचे दुकान गेले आणि हातभट्टी आली, तर स्त्रियांनी मारलेल्या शिक्क्याची ती क्रूर चेष्टा ठरेल. अवैध दारूला आळा घालण्यासाठी ग्रामरक्षक दलांची तरतूद २०१६ साली कायद्यात झाली आहे. त्या दलांनी खबर द्यावी, साक्ष द्यावी. पण शिक्षा करण्याचे काम न्यायालयाचेच राहावे. आणि चौथी गोष्ट, ज्या गावाला काही वर्षांनी आपला निर्णय फिरवावासा वाटेल, त्यालाही त्याच रीतीने, त्याच मतपेटीतून तो फिरविण्याची मुभा असावी. हक्क एकाच दिशेने चालत नसतो.

दाराविना घर चालते, ते गावाने काही एक एकत्र ठरविले आहे म्हणून, आणि शेजाऱ्याची नजर आपल्या उंबरठ्यावर आहे या भरवशावर. शासनाला त्या भरवशावर सारे सोपविता येणार नाही. म्हणून शिंगणापुरातही पोलीस ठाणे आलेच. परंतु जेथे गावाला स्वतः काही ठरवावेसे वाटते, तेथे त्याच्या मताची किंमत यादीतील मृतांच्या नावांपेक्षा अधिक असावी, इतकी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही. येत्या अधिवेशनात एखाद्या लोकप्रतिनिधीने तेवढा एक बदल जरी सुचविला आणि तो मान्य करून घेतला, तरी खेड्यापाड्यांतील असंख्य स्त्रिया त्याला दुवा देतील.